रबराचं झाड आटतं तेव्हा

आमच्या दोडामार्ग तालुक्यात दिवाळी येते ती भातकापणीच्या धांदलीत. ज्यांच्याकडे रबर आहे, त्यांच्याकडे ती भर हंगामात येते. पाऊस सरलेला असतो, पहाटेला गारवा असतो आणि झाडं पावसाळ्यात भरपूर पाणी पिऊन तट्ट फुगलेली असतात. वर्षाचा सर्वांत जास्त चीक मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. २०१३ सालच्या नरक चतुर्दशीला कारीट फोडून, आंघोळ उरकून, फोव खायच्या आधी मी सहज बागेत गेलो, तेव्हा माझा टॅपर एका झाडासमोर नुसताच उभा होता. एरवी तो थांबत नाही. पहाटे चारशे झाडांना काप द्यायचे असतील, तर एका झाडाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ देता येत नाही.

तो मूळचा केरळातल्या कोट्टयम जिल्ह्यातला. आम्ही सगळे त्याला चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. मी शाळेत शिकवत असे, म्हणून तो मला ‘माशे’ म्हणतो. त्यानं काप दाखवला. कापाच्या उजवीकडच्या निम्म्या भागातून चीक पाझरत होता. डावीकडचा निम्मा भाग कोरडा ठणठणीत होता. खालची करवंटी जेमतेम पाव भरली होती.

“माशे, पट्टमरप्प,” तो म्हणाला. पट्ट म्हणजे साल. साल बधिर होणं, असा त्याचा अर्थ त्यानं मला त्याच्या तोडक्यामोडक्या मराठीत समजावला. त्या दिवशी आम्ही खडू घेऊन बाग फिरलो. संध्याकाळी पणत्या लावायची वेळ झाली, तेव्हा खडूची खूण केलेली झाडं सत्तरच्या पुढे गेली होती.

मी सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. जलवाहिनी, रसवाहिनी, संवर्धक ऊती यांच्या आकृत्या फळ्यावर हजार वेळा काढल्या. तरीही ही झाडं आजारी पाडली ती मीच. कशी, आणि त्यावर उपाय काय असतो, काय नसतो, हे गेल्या काही वर्षांत वाचून, विचारून आणि हात पोळून घेऊन जे कळलं, ते इथे मांडतो.

थोडी पूर्वपीठिका

रबराचं झाड, हेविया ब्राझिलिएन्सिस, हे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या थोड्याच रुजल्या. ती रोपं सिलोनला आणि पुढे सिंगापूर-मलायाकडे गेली. आशियातल्या रबराच्या बागांचा मोठा भाग त्या थोड्या रोपांचा वंश आहे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, झाड न मारता पुन्हा पुन्हा चीक कसा काढायचा, याची पद्धत बसवली. कुऱ्हाडीचे घाव घालण्याऐवजी सालीचा पातळ पापुद्रा तासायचा आणि पुढच्या खेपेला त्याच कापाची कड पुन्हा तासायची. आज जगभर होणारं टॅपिंग मुळात हेच आहे.

भारतात व्यापारी लागवड १९०२ साली केरळातल्या पेरियार नदीकाठी तट्टेकाड इथे सुरू झाली. रबर बोर्ड १९४७ च्या कायद्यानं आलं, आणि त्याची संशोधन संस्था १९५५ साली कोट्टयमला उभी राहिली. या संस्थेचं एक केंद्र आपल्याकडे पालघर जिल्ह्यात दापचरीलाही होतं. उत्तर कोकणातला लांब, कोरडा उन्हाळा रबराला कितपत सोसतो, हे तिथे अभ्यासलं गेलं. उन्हाळ्यात पाणी न दिलेल्या झाडांना कापायोग्य व्हायला केरळापेक्षा बराच जास्त काळ लागला, असं तिथे दिसलं. आमच्या दक्षिण कोकणात पाऊस जास्त, हवा दमट. म्हणून केरळहून आलेल्या मंडळींनी इथे जमिनी घेऊन रबर लावलं आणि त्यांचं पाहून आम्हीही लावलं.

मी २००३ साली चारशेएक कलमं लावली. जात आरआरआयआय १०५. कोट्टयमच्या संस्थेनं काढलेली, १९८० साली लागवडीसाठी दिलेली आणि भारतातल्या शेतकऱ्यांची सर्वांत लाडकी. चीक भरपूर देते. पण साल कोरडी पडण्याची प्रवृत्ती तिच्यात इतर काही जातींपेक्षा जास्त आहे, हेही तितकंच खरं. ते तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण मी विचारलं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

सालीच्या आत काय असतं

रबराचा चीक म्हणजे झाडाचा रस नव्हे. डिंक किंवा राळही नव्हे. ही गोष्ट नीट समजली, की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

झाडाची साल बाहेरून आत तासत गेलो, तर आधी बुचासारखा मृत थर लागतो. मग कठीण, खरखरीत थर. त्याच्या आत मऊ साल, आणि अगदी आत, लाकडाला चिकटून, संवर्धक ऊतीचा म्हणजे कँबियमचा अतिशय पातळ थर. मऊ सालीत अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या असतात आणि त्यांच्यामध्ये चिकाच्या नळ्या असतात. या नळ्या एकावर एक रचलेल्या जिवंत पेशींच्या बनतात. पेशींमधल्या भिंती विरघळून लांब नळी तयार होते. शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे खोडाभोवती जाळीदार कडी तयार होते. अशी अनेक कडी, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी.

या नळ्या सरळ उभ्या नसतात. किंचित तिरक्या, खालून डावीकडून वर उजवीकडे चढत जातात. म्हणून काप नेहमी वर डावीकडून खाली उजवीकडे घेतात. तेवढ्याच लांबीत जास्त नळ्या कापल्या जातात. कलमी झाडाला हा उतार साधारण ३० अंशांचा ठेवतात. कापाची खोली कँबियमपासून सुमारे एक मिलिमीटर अलीकडे थांबवायची. त्याहून उथळ राहिली तर सर्वांत भरलेल्या आतल्या नळ्या तशाच राहतात. त्याहून खोल गेली तर कँबियम दुखावतं आणि नवी साल गाठी-गाठींची येते. चांगल्या टॅपरचं सगळं कसब या एका मिलिमीटरात असतं.

आता मुख्य मुद्दा. नळीतून बाहेर येतो तो त्या जिवंत पेशींचा आतला ऐवजच असतो. त्यात ३० ते ४० टक्के रबराचे सूक्ष्म कण, बाकी बहुतेक पाणी, आणि साखर, प्रथिनं, क्षार, विकरं आणि पेशीतल्या पिशव्यासुद्धा. केंद्रकं आणि ऊर्जा निर्माण करणारे घटक नळीच्या भिंतीला धरून मागे राहतात, म्हणून नळी मरत नाही. पण प्रत्येक काप म्हणजे झाडाच्या पेशी पिळून रिकाम्या करणं. जे गेलं ते पानांतून आलेल्या साखरेपासून झाडाला पुन्हा घडवावं लागतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात.

चीक वाहतो का आणि थांबतो का

पहाटे, पानांमधून बाष्प उडायला लागण्यापूर्वी, या नळ्यांमध्ये १० ते १५ वातावरणांइतका दाब असतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या पाच-सहा पट. सुरी फिरताच चीक उसळतो तो या दाबानं. ऊन चढलं, पानं पाणी उडवू लागली, की दाब उतरतो. टॅपर पहाटे उठतो तो हौसेनं नव्हे.

दाब उतरूनही चीक तासन्‌तास पाझरत राहिला असता. पण तो दोनेक तासांत थांबतो. यामागे झाडाची स्वतःची यंत्रणा आहे. चिकात ल्युटॉइड नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्यात आम्लधर्मी द्रव, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन आणि रबराचे कण एकमेकांना चिकटवणारी प्रथिनं असतात. कापाच्या तोंडाशी दाब एकदम बदलला, की या पिशव्या फुटतात. आतला ऐवज बाहेर येतो, रबराचे कण गोठतात आणि नळीच्या तोंडाला बूच बसतं. आपल्या जखमेवर रक्ताची खपली धरते, त्याच जातीची ही गोष्ट.

इथेच माणसानं हात घातला. इथेफॉन नावाचं रसायन सालीवर लावलं, की त्यातून हळूहळू इथिलीन वायू सुटतो. बूच उशिरा बसतं, चीक जास्त वेळ वाहतो आणि उत्पन्न वाढतं. १९७० च्या आसपासपासून ते जगभर वापरात आहे. योग्य जागी ते फार उपयोगी आहे. पण इथेफॉन झाडाला जास्त रबर बनवायची ताकद देत नाही. असलेलं जास्त बाहेर काढतं. तिजोरीचं दार मोठं केल्यानं तिजोरीतले पैसे वाढत नाहीत.

मी काय केलं

माझी झाडं २०१० साली कापायोग्य झाली. कलमाच्या सांध्यापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर झाला, की झाड कापायला घेतात. पुढच्याच वर्षी, २०११ च्या पूर्वार्धात, रबराचा भाव किलोला २४० रुपयांच्या आसपास गेला. असा भाव आम्ही कधी पाहिला नव्हता. जास्त चीक देणाऱ्या या जातीला तीन दिवसांतून एकदा काप द्यावा, अशी शिफारस होती. चेट्टन दोन दिवसांतून एकदा कापत होता, म्हणजे तोही जरा पुढेच होता. मी त्याला म्हटलं, रोज काप. वर इथेफॉन आणलं आणि कोवळ्या झाडांना लावायला लावलं.

“माशे, झाड लहान आहे,” तो म्हणाला होता. मी म्हटलं, भाव मोठा आहे.

साधा हिशोब मी तेव्हाही करू शकलो असतो. एका कापाला दीड मिलिमीटर साल धरली, तर वर्षाला अडीचशे कापांत ३५ सेंटिमीटरहून जास्त साल जाते. तीन दिवसांआड कापलं, तर त्याच्या निम्मीही नाही. आणि साल तर दिसते. न दिसणारा खर्च त्याहून मोठा. नळ्या भरायला दोन-तीन दिवस हवे असताना मी त्या रोज रिकाम्या करत होतो.

पहिलं वर्ष बादल्या भरून वाहिल्या. दुसऱ्या वर्षी चीक पातळ झाला. पातळ चीक दिवस उजाडल्यावरही ठिबकत राही. आम्हाला वाटलं, झाड उदार झालं. खरं तर ती पहिली धोक्याची खूण होती. उशिरापर्यंत ठिबकणारा, पाणचट, रबराचा अंश कमी असलेला चीक म्हणजे नळ्या भरण्याआधीच उपसल्या जात आहेत. तिसऱ्या वर्षी कापाचे तुकडे कोरडे पडू लागले.

झाड आटतं कशानं

या विकाराला शास्त्रीय लिखाणात टॅपिंग पॅनल ड्रायनेस म्हणतात, म्हणजे कापाच्या पट्ट्याचा कोरडेपणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलाया आणि जावाच्या मळेवाल्यांना सालीच्या आत तपकिरी डाग दिसत, म्हणून ते त्याला ब्राऊन बास्ट म्हणत. तेव्हापासून शंभर वर्षं शास्त्रज्ञ यामागे आहेत. बुरशी, जिवाणू, विषाणू असे सगळे संशयित तपासले गेले. भारतात विषाणूहूनही लहान, विरॉइडसारख्या घटकाचा माग काढण्याचा प्रयत्न झाला. पण अमुक एका जंतूमुळे हे होतं, असं सर्वमान्य रीतीनं सिद्ध झालेलं नाही. आज बहुतेक अभ्यासक याकडे शरीरक्रियेतला बिघाड म्हणून पाहतात. संसर्गानं आलेला रोग नव्हे, तर थकव्यातून आलेलं आजारपण.

त्याची साखळी साधारण अशी सांगतात. वारंवार कापल्यानं आणि इथिलीनच्या अतिरेकानं नळ्यांवर ताण येतो. ताणलेल्या पेशींत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. निरोगी झाडात ग्लुटाथायॉनसारखी गंधकयुक्त संयुगं, ज्यांना थायॉल म्हणतात, ती हा विखार शमवतात. उपसा जास्त झाला, की थायॉल कमी पडतात. मग ल्युटॉइडच्या पिशव्यांची आवरणं नळीच्या आतच फुटू लागतात. जे बूच कापाच्या तोंडाशी बसायला हवं, ते नळीच्या आत, दूरवर बसतं. चीक आतल्या आत गोठतो. काप घेतला तरी बाहेर येणार काय?

इथपर्यंतचा टप्पा थोडाफार परत फिरण्याजोगा असतो. पुढे शेजारच्या पेशी फुगून नळ्यांत घुसतात, त्यांच्या भिंती लाकडासारख्या कठीण होतात, तपकिरी डाग पडतात, साल भेगाळते आणि खोडावर गाठी येतात. तिथून ती साल परत येत नाही. कोरडेपणा बहुधा कापापासून खाली, अजून न कापलेल्या सालीत उतरत जातो. खोडाची दुसरी बाजू मात्र बराच काळ निरोगी राहू शकते.

याशिवाय आणखी एक प्रकार फ्रेंच संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेत बारकाईनं अभ्यासला. त्यात सालीची आतली बाजू कलमाच्या सांध्याजवळ मरू लागते आणि कोरडेपणा खालून वर चढतो. घट्ट दबलेली जमीन, पाण्याचा ताण, खुंट आणि डोळा यांचं न जमणं, अशी कारणं त्यांनी सुचवली. म्हणून कोरडेपणा वरून खाली उतरतो आहे की खालून वर चढतो आहे, हे आधी पाहावं.

याच फ्रेंच परंपरेतून, आयव्हरी कोस्टमधल्या कामातून, चिकाची तपासणी करण्याची पद्धत आली. आपण रक्त तपासतो तशी. चिकातली साखर, अकार्बनी फॉस्फरस, थायॉल आणि रबराचा अंश मोजायचा. साखर आणि थायॉल दोन्ही खाली गेले असतील, तर झाड दमलं आहे, काप कमी करा. साखर भरपूर असून चयापचय मंद असेल, तर झाडात अजून वाव आहे. म्हणजे आजार दिसण्याआधी तो ओळखता येतो. मोठ्या मळ्यांना हे परवडतं. आमच्यासारख्यांना चिकाचा पातळपणा आणि टॅपरचा डोळा, एवढ्यावरच भागवावं लागतं. माझ्याकडे डोळा होता. मी त्याचं ऐकलं नाही, इतकंच.

औषधाची बाटली

त्या वर्षीच्या शिमग्याच्या सुमारास एक विक्रेता आला. कोरड्या सालीला लावायचा लेप त्याच्याकडे होता. सहा महिन्यांत झाड पुन्हा वाहू लागेल, म्हणाला. लेप लावा आणि सहा महिने काप देऊ नका. आधीचे आणि नंतरचे फोटोही त्यानं दाखवले. शेजारचे काका म्हणाले, “मास्तरानू, औषध मारल्याशिवाय झाड कसा बरा होतला?”

शेवटची अट ऐकून माझ्यातला शिक्षक जागा झाला. सहा महिने काप द्यायचा नसेल, तर झाड बरं कशानं झालं? लेपानं की विश्रांतीनं?

मी एकच बाटली घेतली. खडूच्या खुणा केलेल्या, अर्धवट कोरड्या झाडांतली एकाआड एक झाडं निवडली. एकाला लेप, शेजारच्याला काहीच नाही. काप दोघांनाही बंद. पुढच्या दिवाळीला चेट्टननं टोच्यानं साल टोचून पाहिली. दोन्ही गटांत काही झाडं पाझरली, काही नाही. लेपाच्या झाडांत वेगळं काही दिसलं नाही. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, झाडं थोडी होती आणि आमचे डोळे पक्षपाती. पण मला माझं उत्तर मिळालं. जो आजार विश्रांतीनं काही प्रमाणात आपोआप उतरतो, त्यावर कोणतंही औषध थोडंफार गुणकारी ठरतं. फोटोतलं झाड खोटं नसतं. न लेपलेल्या झाडाचा फोटो कुणी काढलेला नसतो.

अशी औषधं अनेक देशांत बनली आहेत आणि संशोधन चालूही आहे. उद्या एखादं खरंच लागू पडेल. पण पूर्ण कोरड्या पडलेल्या, आतून लाकडाळलेल्या सालीला पुन्हा वाहतं करील, असा खात्रीचा उपाय आज शेतकऱ्याच्या हातात नाही. जंतू सिद्ध झालेला नाही, म्हणून बुरशीनाशक फवारून हा कोरडेपणा जात नाही. खताचंही तेच. माती तपासून कमी असेल ते द्यावं, त्यानं झाडाची तब्येत राहते. पण अंदाजानं भारंभार दिलेलं खत उलटतं. चिकात मॅग्नेशियमचं प्रमाण फार वाढलं, तर तो लवकर गोठू लागतो.

मग करायचं काय

पहिलं, नकाशा काढायचा. कापाच्या खाली आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूला ठरावीक अंतरावर बारीक टोच्यानं टोचायचं. जिथे चीक येतो तिथे एक खूण, येत नाही तिथे दुसरी. कोरडेपणा किती पसरला आहे, हे खोडावरच दिसतं. हे न करता नवा काप घेणं म्हणजे आंधळ्यानं विहीर खणणं.

दुसरं, थांबायचं. काप अर्धवट कोरडा असेल, तर काही महिने पूर्ण विश्रांती. जास्त असेल तर वर्षभर. या झाडांना इथेफॉन अजिबात लावायचं नाही.

तिसरं, कोरडा भाग वेगळा काढायचा. कोरड्या आणि निरोगी सालीच्या सीमेवर लाकडापर्यंत पोहोचणारी अरुंद चर घेतली, तर नळ्यांचं जाळं तिथे तुटतं आणि पसरणं रोखायला मदत होते. हे काम हलक्या हाताचं. चरीवर पाणी साचू द्यायचं नाही.

चौथं, जागा बदलायची. विश्रांतीनंतर खोडाच्या निरोगी बाजूला किंवा वरच्या, न कापलेल्या सालीवर नवा काप घ्यायचा. वरच्या सालीवर काप खालून वर सरकवत नेण्याची पद्धत केरळात रूढ आहे. तिच्यासाठी लांब दांड्याची सुरी लागते आणि सरावही.

पाचवं, आणि सर्वांत महत्त्वाचं, बरं झालेलं झाड पुन्हा जुन्या वेळापत्रकाला जुंपायचं नाही. विश्रांतीनं वाहू लागलेली झाडं पुन्हा पूर्वीसारखी कापली, तर बरीचशी परत आटतात. उरलेल्या निरोगी बागेलाही तीन दिवसांआड किंवा त्याहून कमी काप द्यायचा. आठवड्यातून एकदाच काप आणि ठरावीक अंतरानं थोडं इथेफॉन, असंही वेळापत्रक रबर बोर्डानं शिफारस केलेलं आहे. तिथे इथेफॉनची जागा योग्य आहे: काप कमी, म्हणून उत्तेजन थोडं. मी दोन्ही जास्त केलं होतं.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन नवी पालवी येते, तेव्हा झाडाला सोडायचं. साखर तेव्हा पालवीकडे जाते. त्या साखरेत वाटा मागायचा नाही.

चेट्टनचा हिशोब

हे सगळं कागदावर सोपं आहे. अडचण निघाली ती भलतीकडेच. चेट्टनची मजुरी कापलेल्या झाडांवर होती. रोजचं काम तीन दिवसांवर नेलं, तर त्याची कमाई एक तृतीयांशावर येणार. त्याच्या मुलीची नर्सिंगची फी त्याच मजुरीतून जात होती. झाडाच्या विश्रांतीचा खर्च झाडाला नव्हे, त्याला पडणार होता. ज्यानं मला आधी बजावलं होतं, त्यालाच.

भावही तोवर उतरणीला लागला होता. २०१६ च्या सुरुवातीला तो शंभराच्या खाली गेला. आमच्याकडच्या काहींनी बागा सोडल्या, काहींनी झाडं लाकडासाठी विकली. जंगलाच्या कडेला आणखी रबर लावून भरपाई करू, असं म्हणणारेही होते. तिलारीच्या खोऱ्यात ज्यानं जंगल उघडं झालेलं पाहिलं आहे, त्याला या वाक्याची किंमत कळेल. वेळेआधी आटलेलं एक झाड कुठेतरी दुसऱ्या झाडावर कुऱ्हाड घेऊन जातं.

शेवटी आम्ही तिघे शेजारी बसलो. मी, ते औषधवाले काका आणि पलीकडच्या बागेचे मालक. तिघांची झाडं मिळून हजारावर. चेट्टन एक दिवस माझी बाग कापतो, दुसऱ्या दिवशी काकांची, तिसऱ्या दिवशी पलीकडची. प्रत्येक झाडाला तीन दिवसांतून एकदाच काप, आणि त्याला रोज काम. ज्या दिवशी माझ्याकडे पाळी असते, त्या दिवशी मिळणारा चीक पूर्वीच्या एका दिवसापेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. वर्षाचा एकूण चीक रोजच्या कापाइतका होत नाही, हेही खरं. पण साल उरते आणि झाड उरतं.

खुणा केलेल्या झाडांपैकी बरीच वरच्या सालीवर किंवा मागच्या बाजूला पुन्हा वाहू लागली. काही कायमची गेली. ती मी तोडली नाहीत. पानं त्यांना पूर्वीसारखीच येतात, उलट जास्त हिरवीगार. चीक द्यावा लागत नाही, म्हणून खोडही भरभर जाडावतं. बाहेरून पाहणाऱ्याला बागेतली सर्वांत धडधाकट झाडं तीच वाटतात.

२०२४ साली भाव पुन्हा चढला आणि २०११ चा उच्चांक मोडला. ऑगस्टात एका सकाळी मी बागेत गेलो. चेट्टन सुरीला धार लावत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “माशे, रोज?”

मी म्हटलं, “नाही. परवा.”

तो हसला आणि काकांच्या बागेकडे निघाला.